शिष्यवृत्तीचा करार

जून महिना उजाडला की शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुले आपल्या जुन्या शिक्षकांकडे येऊ लागतात. कोणाला उत्पन्नाच्या दाखल्यासंबंधी विचारावयाचे असते, कोणाला चारित्र्याचा दाखला हवा असतो, तर कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे तरी अडकलेला असतो. हल्ली हे अर्ज संगणकावर भरले जातात. शेवटी पाच-सहा पृष्ठे अटी असतात आणि त्यांच्याखाली 'वरील अटी मान्य आहेत' अशी एक चौकट असते. त्या चौकटीत खूण केल्याखेरीज अर्ज पुढे जात नाही. मी प्रत्येकाला विचारतो, "अटी वाचल्यास काय?" उत्तर बहुधा हसण्यानेच मिळते. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. खरे पाहता गरजवंताला अक्कल असते, परंतु थांबून विचार करण्याची सवड नसते.

अशा वेळी मी त्या मुलांना एका कराराची गोष्ट सांगत असतो. तो करार आपल्या बडोदे शहरात 1913 साली झाला. लिहून देणारा विद्यार्थी बावीस वर्षांचा होता. त्या कराराचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे मदत घेणाऱ्याचे कर्तव्य काय आणि त्याचा हक्क काय, हे पुष्कळ अंशी उमगते. परंतु त्या कराराकडे वळण्यापूर्वी आपल्या मुलखात विद्यार्थ्याला मदत करण्याची रीत कशी होती, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

जुन्या काळी गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय दोन प्रकारे होत असे. एक मधुकरी आणि दुसरा वार. मधुकरी म्हणजे घरोघर फिरून शिजविलेले अन्न मागून आणणे. वार म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवावयास जाणे. या प्रथेने पुणे, नाशिक, वाई यांसारख्या ठिकाणी किती तरी विद्वान घडविले, हे मान्य केलेच पाहिजे. जी गृहिणी आपल्या मुलांच्या पानाबरोबर परक्या मुलाचे पान वाढीत असे, तिचे उपकार मोजता येणार नाहीत. परंतु या मदतीला कागद नव्हता. विद्यार्थ्याने पाणी भरावे, पूजेची फुले आणावीत, घरातल्या लहान मुलांना शिकवावे, यजमानाच्या रागालोभाकडे पाहून वागावे, अशा अटी कोणी लिहून ठेवीत नसे आणि त्या कोणाला मोडताही येत नसत. शिवाय हे दार सर्वांना उघडे नव्हते. ज्या जातींचा स्पर्शही चालत नसे, त्यांच्या मुलांना मधुकरी कोण घालणार आणि वार कोण लावून देणार?

दुसरी रीत दक्षिणेची. तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. श्रावण महिन्यात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांचा मोठा मेळा जमत असे आणि त्यांना सरकारी खजिन्यातून द्रव्य वाटले जाई. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी एल्फिन्स्टन साहेबाने ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून 1821 साली पुण्यास विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. पुढे 1849 साली लोकहितवादी आणि त्यांच्याच विचाराचे काही तरुण यांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेतील काही रक्कम मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावी. शास्त्रीमंडळींत मोठाच क्षोभ झाला. तरी काळाचा ओघ थांबला नाही. 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मुंबईचे विद्यापीठ निघाल्यावर त्याच फंडातून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले.

या अर्जाचे महत्त्व केवळ मराठी भाषेपुरते नाही. जन्मामुळे मिळणारे दान आणि काही काम केल्याबद्दल मिळणारे साहाय्य, यांत भेद केला पाहिजे, असे त्या तरुणांनी सांगितले. सार्वजनिक पैशाचा विनियोग कशासाठी होतो, हे विचारण्याचा अधिकार लोकांना आहे, हेही त्यांनी सांगितले. हा पैसा कोणाही एकाच्या घरचा नव्हे, ही जाणीव तेथून रुजू लागली.

आता बडोद्याकडे येऊ. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड हे स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून 1875 साली गादीवर आले. बारा वर्षांच्या वयापर्यंत ज्याला अक्षर-ओळख नीट झाली नव्हती, तोच मुलगा पुढे शिक्षणाचा असा भोक्ता झाला की 1893 साली त्याने अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1906 साली ते साऱ्या संस्थानाला लागू केले. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि वसतिगृहेही चालविली.

मुंबईस याच सुमारास भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढील खर्च वडिलांना झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. केळुसकर शिक्षक आणि ग्रंथकार होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी शाळकरी वयातच हेरला होता. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, समाधान झाल्यावर दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि बी. ए. पर्यंतचा मार्ग मोकळा झाला. शिष्यवृत्तीचा इतिहास लिहिताना आपण देणाऱ्याचे नाव लिहितो, घेणाऱ्याचे लिहितो. मध्ये उभा राहून एकाचा हात दुसऱ्याच्या हाती देणारा मास्तर मात्र बहुधा विसरला जातो. गुणी विद्यार्थ्याला मदत कोठे मिळेल याची बातमी देणे, हेही मोठे दान आहे.

बी. ए. झाल्यावर 1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या दुखण्याची तार आली आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी वडील निवर्तले. घरचा आधार गेला, तोच महाराजांकडून दुसरी संधी चालून आली. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जाण्याकरिता तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती. 4 जून 1913 रोजी बडोद्यास करारपत्रावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, असा त्यातील मुख्य आशय होता.

आज कोणी म्हणेल की दहा वर्षे बांधून घेणे ही जुलमाची अट झाली. मला तसे वाटत नाही. संस्थानचा खजिना म्हणजे रयतेचा घाम. त्यातून एका तरुणाला परदेशी पाठवावयाचे, तर त्याची विद्या रयतेच्या उपयोगी पडावी, ही अपेक्षा रास्त होती. आजही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक ठिकाणी विद्यार्थ्याकडून काही काळ ग्रामीण भागात सेवा करण्याचा बंध लिहून घेतात. त्यामागील तत्त्व हेच आहे. अट स्पष्ट होती, लेखी होती आणि सही करणाऱ्याला तिचा अर्थ कळत होता. मधुकरीच्या न लिहिलेल्या अटींपेक्षा ही रीत किती तरी सन्मानाची!

घेणाऱ्याने आपली बाजू कशी सांभाळली, तेही पाहू. न्यूयॉर्कमध्ये मिळणाऱ्या पैशांतून घरी मुंबईस रक्कम पाठवून उरलेल्यात भीमराव राहिले आणि त्यातही पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमविली. त्यांचे चरित्रकार धनंजय कीर या पुस्तकांची संख्या सुमारे दोन हजार सांगतात. 1915 साली ते एम. ए. झाले. 1916 च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींसंबंधीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच. डी. साठी प्रबंध सादर करून ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्राच्या व कायद्याच्या अभ्यासाला लागले. शिष्यवृत्तीची मुदत एक वर्ष वाढवून मिळाली होती. 1917 साली ती संपली. लंडनचा अभ्यास अर्धाच राहिला. पुढे चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ते मायदेशी परतले. ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते, ती शत्रूने बुडविली. सामानाच्या नुकसानीबद्दल 600 रुपये भरपाई मिळाली आणि त्याच पैशांतून प्रवासखर्च करून हा विद्वान करार पाळण्यासाठी बडोद्यास निघाला. मिठाला जागणे याहून वेगळे काय असते?

सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोद्यास आले. पुढे काय झाले, ते त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. पहिला प्रश्न राहावयाचे कोठे, हा. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला जागा नव्हती. एका पारशी सरायीत ते गेले. सरायीच्या राखणदाराला प्रवासी कोण ते कळले, तेव्हा पारश्याखेरीज कोणाला ठेवता येत नाही, असे तो म्हणाला. अखेर नोंदवहीत पारशी नाव लिहावे, या अटीवर तडजोड झाली. जेवणाखाणासह दीड रुपया रोज ठरला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला मनुष्य परक्या नावाने, अडगळीने भरलेल्या माडीवर, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात रात्री काढू लागला. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याच्या तयारीत असताना दहा-बारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, सराय का बाटविलीस, असा जाब त्यांनी विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास बजावले. शहरात त्यांचे दोन स्नेही होते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू स्नेही म्हणाले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्यांनी पूर्वी आपण होऊन राहावयास बोलाविले होते. आता ते म्हणाले, पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण होते आणि धर्मांतरानंतरही घरात जुने विचार टिकून होते, असे पुढे कळल्याचे डॉ. आंबेडकरांनी लिहिले आहे.

श्रोते हो, मी स्वतः ख्रिस्ती आहे. ही आठवण वाचताना काठ्या घेऊन आलेल्या माणसांपेक्षा त्या सौम्य, सुशिक्षित ख्रिस्ती गृहस्थाचे उत्तर मला अधिक टोचते. परक्याला घरात घेणे ही प्रत्यक्ष प्रभूचीच सेवा होय, अशी शिकवण ज्याला लहानपणापासून मिळते, त्याच्या दारात प्रभू 1917 साली उभा होता आणि त्याला उद्या यावयास सांगण्यात आले. दुसऱ्यांच्या दोषांची यादी करण्यापूर्वी आपले दार तपासावे, हा धडा मी त्यातून घेतो.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचा वेळ त्यांनी शहराच्या कडेला असलेल्या कामाठी बागेत काढला. पोरक्या मुलाला आठवण यावी तशी आईवडिलांची आठवण येत होती, असे त्यांनी नमूद केले आहे. रात्री सामान उचलून ते गाडीत बसले. करारातील दहा वर्षांपैकी महिनाही पुरा झाला नाही. त्या बागेत ते जेथे बसले होते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे लोक आदराने जातात.

आता इतिहासाच्या न्यायासनापुढे हा प्रश्न ठेवू या, की करार कोणी मोडला? कागदाचे अक्षर पाहिले तर सेवा विद्यार्थ्याने पुरी केली नाही. परंतु त्याने अभ्यास केला, पदव्या मिळविल्या आणि शब्द पाळण्यासाठी तो स्वतःच्या खर्चाने परत आला. महाराजांच्या उदारपणाबद्दलही शंका घेण्याचे कारण नाही. त्या काळी असा हात किती राजांनी पुढे केला? दोष दुसरीकडे होता. कराराच्या कागदावर विद्यार्थ्याची कर्तव्ये लिहिली होती, आणि देणाऱ्याची म्हणून केवळ रक्कम. सेवेसाठी बोलाविलेल्या मनुष्याला राहावयास छप्पर मिळेल, कचेरीत त्याला माणसासारखे वागविले जाईल, हे कलम त्यात नव्हते. राजाला जे द्यावयाचे होते, ते राज्याने दिले नाही. समाज कराराच्या बाहेर राहिला आणि म्हणून करार तुटला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती केवळ दुःखाची राहिली असती. 1918 च्या अखेरीस डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडेनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून त्यांनी पै पै साठविली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि 1920 साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडन गाठले. ज्या जमातीच्या काही लोकांनी त्यांना बडोद्यास बाहेर काढले, त्याच जमातीच्या मित्राने त्यांना पुन्हा उभे केले. कोणत्याही समाजाबद्दल सरसकट मत देऊ नये, हे यावरून शिकावे. 1923 साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

मग घेतलेले ऋण फिटले कसे? 1942 साली डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. त्यांनी सरकारपुढे ज्या मागण्या मांडल्या, त्यांत उच्च शिक्षणाची मागणी आग्रहाने होती. 1944 पासून भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला. आज लक्षावधी मुले जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात, तिचे मूळ तेथे आहे. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि 1950 साली तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. बडोद्याची दहा वर्षांची नोकरी राहून गेली, पण पुढच्या पिढ्यांची सेवा त्यांनी आयुष्यभर केली. देणाऱ्याला परत करणे हा ऋण फेडण्याचा एक मार्ग झाला; पुढच्या गरजवंताला देणे हा दुसरा आणि अधिक मोठा.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 1956 च्या मार्चमध्ये, आग्र्याच्या सभेत त्यांनी एक दुःख बोलून दाखविले. शिकून पुढे गेलेली माणसे मागे राहिलेल्यांकडे वळून पाहत नाहीत, नोकरी लागली की आपलाच संसार पाहतात, हे ते दुःख. ज्याने करार पाळण्यासाठी अपमानाचे घोट गिळले, त्याला असे बोलण्याचा पुरा अधिकार होता.

आता या इतिहासातून आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काय घ्यावे? प्रथम हक्क सांगतो. कारण गरिबाला कर्तव्ये सांगणारे पुष्कळ असतात. मदतीच्या अटी आधी आणि समजेल अशा भाषेत कळणे, हा त्याचा हक्क आहे. ठरलेली रक्कम ठरलेल्या वेळी मिळणे, हा हक्क आहे. परीक्षा होऊन गेल्यावर आलेली शिष्यवृत्ती ही फिरत राहिलेल्या त्या बंगल्याच्या अर्जासारखीच होय. अर्ज नाकारला तर कारण विचारणे, हाही हक्क आहे. आणि सर्वांत मोठा हक्क सन्मानाचा. पूर्वी आपल्या शाळांतून फीमाफीला 'नादारी' म्हणत. शब्दच असा की तो उच्चारताना मुलाची मान खाली जावी. भरवर्गात नावे पुकारून मदत घेणाऱ्यांना उभे करणे, त्यांच्या जातीचा वा गरिबीचा उल्लेख चारचौघांत करणे, हे आजही कोठे कोठे घडते. ते करणाऱ्याने मदतीची रक्कम एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतली, असेच समजावे.

कर्तव्येही तितकीच स्पष्ट आहेत. अर्जात खरे तेच लिहावे. ऐपत असून गरिबीचा दाखला मिळविणारा विद्यार्थी सरकारला फसवितो, असे त्याला वाटते. वास्तविक तो आपल्यासारख्याच एखाद्या मुलाचे पान उचलून नेतो. पैसा ज्या कामासाठी मिळाला, त्याच कामी लावावा. आता रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँकेच्या खात्यात येते, म्हणून तिचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली आहे. वर्गाला हजर राहावे, परीक्षा द्यावी, परिस्थिती बदलली तर ती कळवावी. शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि शिष्यवृत्ती यांतील भेद नीट ओळखावा आणि कर्ज असेल तर ते फेडण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. ज्या कागदावर सही केली, त्याची एक प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी असाच अर्ज घेऊन आली होती. ही गोष्ट ऐकून तिने संगणकाच्या पडद्यावरील सगळ्या अटी पहिल्यापासून वाचून काढल्या. अर्धा तास लागला. मग ती म्हणाली, "सर, यात मी काय करायचं ते सगळं लिहिलंय. त्यांनी काय करायचं ते कुठे आहे?" तिच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधून सापडले नाही. ते आपण सर्वांनी, शिक्षकांनी, कचेरीतल्या कारकुनांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि घर भाड्याने देणाऱ्यांनीही, आपल्या वागणुकीने द्यावयाचे आहे. बाहेरगावाहून शिकावयास आलेला एखादा मुलगा आज संध्याकाळी आपल्या दारी खोली विचारावयास येईल. त्याला उद्या यावयास सांगू नका.